शेवटच्या माणसाची शर्यत

शर्यत सुरू करायला बंदूक उडवतात, हे आपल्याला शाळेच्या क्रीडा महोत्सवापासून ठाऊक असतं. दक्षिण आफ्रिकेत दर जूनमध्ये एक शर्यत होते, तिच्यात लोक वाट पाहतात ती शेवटच्या बंदुकीची. पहाटे सुटलेल्या धावपटूंना बारा तास दिलेले असतात. बारा तास भरत आले की एक अधिकारी अंतिम रेषेवर येऊन उभा राहतो, तोही येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून. समोरून धापा टाकत येणारा चेहरा दिसला तर दया येईल आणि बोट क्षणभर थबकेल, ते होऊ नये म्हणून ही पाठ, असं सांगतात. ठरल्या सेकंदाला बार होतो. त्यानंतर जो रेषेपाशी पोचला, त्याला पदक नाही आणि निकालाच्या यादीत नावही नाही. मग तो रेषेपासून हातभर अंतरावर का असेना.

या शर्यतीचं नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. नावात मॅरेथॉन असली तरी अंतर मॅरेथॉनच्या दुपटीहून जास्त. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, ही कधी ८६ किलोमीटरच्या आसपास, तर कधी ९०च्या. समुद्रकाठचं डर्बन आणि सुमारे सहाशे मीटर उंचीवरचं पीटरमॅरित्सबर्ग या दोन शहरांमधला हा रस्ता. एखाद्या वर्षी खालून वर धावायचं, एखाद्या वर्षी वरून खाली. वाटेत पाच मोठ्या टेकड्या लागतात : काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. वर जाताना ही पॉली शॉर्ट्स अगदी शेवटी, पायांत काही उरलेलं नसताना, समोर येऊन उभी राहते. खंबाटकी घाट पायी चढायला घ्यावा, आणि तोही आधी ७५-८० किलोमीटर पळून झाल्यावर, तसं काहीसं.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या परक्या शर्यतीचं काय काम, असं कुणी विचारील. काम असं, की गेली काही वर्षं तिथं दर वेळी भारतातून काही शेकडा माणसं जातात आणि त्यांत आपल्या मुंबई-पुण्याकडची पुष्कळ असतात. संगणक कंपन्यांतले, डॉक्टर, सनदी लेखापाल, शाळेतल्या शिक्षिका, निवृत्तीला आलेले फौजदार. ही माणसं काही जिंकायला जात नाहीत. जिंकणारे साडेपाच तासांच्या आत पोचून आंघोळ करून मोकळे होतात. आपली माणसं जातात ती त्या पाठमोऱ्या अधिकाऱ्याच्या आधी पोचायला. एवढा खटाटोप, एवढा खर्च करून नेमकं काय मिळवतात, हा प्रश्न मला पडला; कारण त्यांतला एक माझ्या घरातलाच आहे.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो, वय अठ्ठेचाळीस. २०१८ साली तो पहिल्यांदा गेला. मला वाटलं, एकदा हौस फिटली की थांबेल. पण तो परत आला तो दहा वर्षांचा हिशेब घेऊनच. या शर्यतीत एक पद्धत आहे. जो दहा वेळा ती वेळेत पूर्ण करतो, त्याचा क्रमांक कायमचा त्याच्या नावावर होतो. त्याला हिरवा नंबर म्हणतात. धावपटू पुन्हा धावला नाही तरी, वारला तरी, तो क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

मी आयुष्यभर बँकेत काढलं, त्यामुळे हा प्रकार मला चटकन समजला. आवर्ती ठेव! दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, मुदत पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. फरक इतकाच, की आवर्ती ठेवीचे राहिलेले हप्ते दंड भरून एकदम भरता येतात. इथं वर्षाला एकच हप्ता, तोही स्वतःच्या पायांनी. कितीही पैसे असले तरी दहा वर्षं दोन वर्षांत बसत नाहीत. आणि कोविडची साथ आली की शर्यत होत नाही. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं तशीच गेली. भाच्याचं २०२२ सालही गेलं. अखेरच्या टप्प्यातल्या एका चौकीवर तो वेळेनंतर पोचला आणि त्याला मागून येणाऱ्या गाडीत बसवण्यात आलं. बाकी पाच वेळा पूर्ण. म्हणजे अजून निम्मा रस्ता बाकी आणि माणूस पन्नाशीला आलेला. माझी बहीण म्हणते, "एवढ्या पैशांत नातवंडांच्या नावानं काही ठेवलं असतंस." तो हसतो. खर्च मी एकदा खोदून विचारला. विमान, व्हिसा, प्रवेशशुल्क, राहणं, बूट, असं सगळं मिळून वर्षाला दोन लाखांच्या पुढे जातं म्हणाला. हा आकडा मनात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

शर्यतीचा जन्म मात्र फार कमी भांडवलावर झाला. व्हिक क्लॅपहॅम हा रेल्वेचा इंजिन-ड्रायव्हर. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत त्यानं हजारो किलोमीटर पायपीट केली, साथीदार तापानं आणि गोळ्यांनी पडताना पाहिले. परतल्यावर त्याच्या मनात आलं की मेलेल्यांचं स्मारक दगडाचं नको, सोसण्याचं हवं. माजी सैनिकांच्या संघटनेकडे त्यानं परवानगी मागितली. १९१८ साली नकार, १९१९ साली नकार, १९२० साली नकार. १९२१ साली होकार आला आणि खर्चासाठी एक पौंड मंजूर झाला, तोही परतफेडीच्या बोलीवर! ज्या कुणी तो मंजूर केला, तो पक्का बँकवाला असणार. २४ मे १९२१ रोजी ३४ जण पळाले, १६ जण पोचले. पहिला आलेला बिल रोवन नऊ तासांना एक मिनिट कमी असताना पोचला.

इथवरची गोष्ट छान आहे आणि शर्यतीचे चाहते ती आवडीनं सांगतात. पुढची तितक्या आवडीनं सांगत नाहीत. सोबत्यांच्या स्मरणार्थ काढलेल्या या शर्यतीत १९७५ सालापर्यंत फक्त गोऱ्या पुरुषांना अधिकृत प्रवेश होता. काळ्यांना नाही, आपल्या भारतीयांना नाही, बायकांना तर कोणत्याही रंगाच्या नाही. महायुद्धात मेलेल्यांमध्ये हे भेद नव्हते, पण स्मरणात आले. तरीही माणसं पळायची थांबली नाहीत. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाची बाई प्रवेश नाकारला तरी धावली आणि पोचली. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू साडेनऊ तासांत पोचला. निकालाच्या कागदावर त्याचं नाव आलं नाही. १९२१ पासून मोजलं तर चोपन्न वर्षांनी, पन्नासाव्या शर्यतीला दार उघडलं. आणखी चौदा वर्षांनी, १९८९ मध्ये, सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता झाला. नेल्सन मंडेला तेव्हा अजून तुरुंगातच होते.

त्याच १९८९ च्या शर्यतीत, त्याच रस्त्यावर, मागं बरंच लांब एक गोरा म्हातारा चालत-पळत येत होता. वॉली हेवर्ड. १९३० साली एकविसाव्या वर्षी त्यानं ही शर्यत जिंकली होती, नंतर आणखी चारदा जिंकली. आता तो ऐंशीचा होता. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. तो पोचला तेव्हा दोन मिनिटंही उरली नव्हती. कादंबरीत मी असा योगायोग घातला असता तर संपादकांनी लाल पेन्सिल चालवली असती.

आणि ब्रूस फोर्डाइस. नऊ वेळा जिंकलेला. १९८१ साली संयोजकांनी ही शर्यत वर्णद्वेषी प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनाच्या सोहळ्याला जोडली, तेव्हा हा विद्यार्थी दंडाला काळी पट्टी बांधून उतरला. लोकांनी टोमॅटो फेकून मारले. तो जिंकला. पट्टी बांधणारा पहिला आल्यामुळे ती छायाचित्रातून वगळायची सोय राहिली नाही.

२०२४ च्या जूनमध्ये मी भाच्याबरोबर गेलो. ते वर जाण्याचं वर्ष होतं, शेवट पीटरमॅरित्सबर्गला. या गावाचं नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे ते तिथल्या रेल्वे स्टेशनमुळे. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींना याच स्टेशनवर उतरवलं गेलं. लाल विटांची जुनी इमारत आहे, फलक आहे. जूनची रात्र म्हणजे तिथं थंडीचे दिवस; त्या थंडीत ते प्रतीक्षालयात बसून राहिले होते. शहरात त्यांचा पुतळा आहे, १९९३ साली, घटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी त्याचं अनावरण केलं.

मला मात्र तिथं जास्त आठवण झाली ती आपल्या गोखल्यांची. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहानं पोखरलेलं शरीर घेऊन महिनाभर दक्षिण आफ्रिकेत हिंडले. उसाच्या मळ्यांवर करारानं आणलेले आपले मजूर. करार संपल्यावर तिथंच राहायचं तर वर्षाला माणशी तीन पौंड कर. बायकोचा वेगळा, वाढत्या मुलांचा वेगळा. तो रद्द होईल अशा समजुतीनं गोखले प्रिटोरियाहून निघाले, आणि सरकारनं नंतर असा शब्द दिलाच नव्हता म्हटलं. पुढच्या वर्षी हजारो मजूर संपावर गेले, न्यूकॅसलहून ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे पायी निघाले. १९१४ साली कर गेला. गोखले त्यानंतर वर्षही जगले नाहीत. या प्रांतात पायांनी चालून काही मागण्याची परंपरा अशी क्लॅपहॅमच्या आधीची आहे, आणि तिच्यात आपलीही माणसं आहेत.

शर्यतीच्या सुरुवातीला हजारो लोक 'शोशोलोझा' गातात. परप्रांतातून खाणींकडे आगगाडीनं जाणाऱ्या काळ्या मजुरांचं ते गाणं. गाडीतून उतरवलेला बॅरिस्टर, गाडी चालवणारा क्लॅपहॅम, गाडीत भरून नेलेले मजूर. या रस्त्याच्या बाजूनं रेल्वे धावते ती उगीच नाही, असं मला तिथं उभं असताना वाटून गेलं.

आदल्या दिवशी आम्ही सगळा मार्ग मोटारीनं पाहिला. बोथाज हिलच्या पुढं एका वळणावर 'हजार टेकड्यांची दरी' उघडते. उमगेनी नदीनं कोरलेल्या टेकड्यांमागं टेकड्या, धुक्यात निळ्या होत गेलेल्या. आपल्या कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या वर थांबून मागं पाहावं, तसं दिसतं. फक्त इथं नजर अडत नाही. भाच्याला म्हटलं, "एवढं सुंदर आहे म्हणून येतोस होय?" तो म्हणाला, "मामा, पळताना हे दिसत नाही. पुढच्या माणसाचे बूट दिसतात." पुढं इंचांगाजवळ अपंग आणि दृष्टिहीन मुलांची एथेम्बेनी शाळा आहे. शर्यतीच्या दिवशी ती मुलं रस्त्याच्या कडेला ओळीनं बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हात लावतात. हे मात्र सगळ्यांना दिसतं म्हणे. त्याच्याही पुढं कोंबड्यांचे फार्म आणि त्यांचा उग्र वास. हे पर्यटनाच्या पत्रकात नसतं, म्हणून सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी मी शेवटाच्या मैदानात होतो. ते घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. विजेते आले, टाळ्या झाल्या. गेर्डा स्टेनचा बायकांमधला विक्रम पाहिला, पाच तास एकोणपन्नास मिनिटं. पण खरी गर्दी नंतर वाढत गेली. माणसं सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त होती, आणि जसजसा वेळ संपत आला तसतसा आवाज वाढला. इतक्यात एक 'बस' आली. बस म्हणजे गाडी नव्हे. अनुभवी धावपटू हातात झेंडा घेऊन पुढं राहतो, अमुक वेळात तुम्हाला पोचवतो म्हणतो, आणि दोन-तीनशे माणसं त्याच्यामागं एका लयीत चालतात, पळतात, गातात. कधी चालायचं, कधी पळायचं, ते तो ठरवतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पताका पुढं, टाळ मागं आणि कुणी मागं पडला तर त्याला हाताला धरून ओळीत घेणं. दिंडीची रीत हीच. त्या बसमध्ये काळे होते, गोरे होते, डर्बनचे तमिळ होते, आणि मराठीत ओरडणारा एक आवाजही मी ऐकला. माझा भाचा त्यांच्या थोडा आधी आला होता, अकरा तास अडतीस मिनिटं.

मग तो अधिकारी पाठमोरा उभा राहिला. अंधार पडलेला, दिवे लागलेले. लोक सेकंद मोजू लागले. बार झाला आणि रेषा बंद झाली. पलीकडं चार-पाच पावलांवर एक मध्यमवयीन बाई उभी राहिली. दोन स्वयंसेवकांनी तिच्या खांद्यावर चादर टाकली, खुर्ची आणली, पाणी दिलं. डॉक्टर आला. तिला पदक मिळालं नाही. आजूबाजूच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या मात्र मिनिटभर चालू होत्या.

मी तेव्हापासून त्या दोन गोष्टी जोडून पाहतो आहे : न वाकणारी मुदत आणि तिच्या शेजारी ठेवलेली खुर्ची. प्रवेश मिळवायला आधी पूर्ण मॅरेथॉन ठरावीक वेळेत पळल्याचा पुरावा द्यावा लागतो. वाटेत ठिकठिकाणी पाणी असतं. मधल्या चौक्यांवर मुदत संपलेल्याला थांबवतात. पुढं जाऊन पडू देत नाहीत. एवढं करूनही अपघात होतात. २०२२ साली दोन धावपटू दगावले. पण नियम कडक आहे तो त्याच्याआधीची तयारी आणि नंतरची काळजी धरून.

परत आलो आणि दोन-अडीच महिन्यांत झारखंडची बातमी वाचली. तिथं उत्पादन शुल्क खात्यात शिपायांची भरती होती. पुरुषांसाठी परीक्षा साठ मिनिटांत दहा किलोमीटर. ऑगस्टचा दमट उकाडा, रात्रभर रांगेत ताटकळलेली पोरं. दहाहून अधिक उमेदवार मेले. साठ मिनिटांची मुदत तिथंही होतीच. त्या पोरांना आधी किती महिने सरावाला मिळाले, शर्यतीच्या आदल्या रात्री ती कुठं झोपली, काय खाल्लं, हे विचारणारं कुणी नव्हतं. मेल्यावर मग चौकशी, मग आरोप-प्रत्यारोप, मग वेळापत्रक पुढं ढकललं.

आपल्याकडचं चित्र फार वेगळं आहे असं मानायचं कारण नाही. पहाटे पाचला कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली डांबरावर पळताना दिसतील. बुटांचे तळ झिजलेले, घड्याळ मोबाइलमधलं, मागून उसाचे ट्रॅक्टर. याच मातीत ललिता बाबर घडली. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिच्याआधी नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. अशा दोघी-चौघी वर दिसतात. बाकीच्यांची गणती भरतीच्या यादीत किंवा तिच्याबाहेर होते.

त्याच रस्त्यांवर रविवारी आमचा भाचा आणि त्याची मंडळी मोटारीनं येतात. घाटाचा सराव म्हणून. त्यांच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, गाडीत केळी, मीठ-साखरेचं पाणी, डॉक्टर मित्र. दोन्ही टोळ्या एकमेकींना ओलांडून जातात. एकदा मी त्यांच्याबरोबर सातारच्या बाजूला गेलो होतो. एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, अनवाणी, यांना चढावर सहज मागं टाकून गेला. वळणावर थांबला होता म्हणून विचारलं, कॉम्रेड्स ऐकलं आहेस का? नव्हतं ऐकलं. दोन लाखांचा आकडा मी त्याला सांगितला नाही. गोरे पुरुष सोडून इतरांना बंद असलेलं दार १९७५ साली उघडलं; आता दारावर रंग लिहिलेला नाही, पण दारापर्यंत जायचं भाडं आहे. आमच्या भाच्यानं वर्षांची आवर्ती ठेव उघडली. या पोराला खातंच उघडता येत नाही.

भाच्याला हे बोललो. त्याला राग आला नाही. त्याच्या गटानं गेल्या पावसाळ्यापासून एवढं केलंय, की घाटात जाताना दोन गाड्यांऐवजी तीन नेतात. तिसऱ्या गाडीत पाणी, केळी आणि जुने पण धड बूट, भरतीवाल्या पोरांसाठी. एक डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून बघतो. एका मुलाच्या हृदयाचे ठोके बरोबर वाटले नाहीत. त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं आणि तूर्त पळायचं नाही म्हणून सांगितलं. त्याचा बाप भांडायला आला होता. भरती दोन महिन्यांवर आलीय, तुम्ही कोण थांबवणारे? त्या बापाचं चूक होतं असं मला म्हणवत नाही.

शासनानं काय करावं, हे सांगायला तज्ज्ञ आहेत. मला बँकेच्या सवयीनं दोन साध्या गोष्टी सुचतात. मैदानी चाचणीची तारीख सहा महिने आधी जाहीर व्हावी आणि ती पाळली जावी, म्हणजे सरावाला मुदत मिळेल. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची नाडी, रक्तदाब बघून, झोपायला छप्पर देऊन मगच मैदानावर सोडावं. यात विज्ञान नवं नाही आणि खर्चही डोळे फिरावेत असा नाही. एखाद्या शहरी मॅरेथॉनला स्वागतकमानींवर जेवढा होतो, त्यात एका जिल्ह्याचं भागेल.

कॉम्रेड्सची शंभरावी शर्यत, सगळ्या युद्ध-साथींची वजाबाकी करून, २०२७ साली येते. भाचा तेव्हा जाणारच. हिरव्या नंबराला त्याला अजून पाच शर्यती हव्यात. पण मध्येच त्याच्या मनात दुसरंच काही आलं आहे. २०१९ सालापासून नऊ ते दहा तासांच्या दरम्यान पोचणाऱ्यांना एक वेगळं पदक देतात. त्याला १९३५ साली साडेनऊ तासांत पोचूनही कागदावर न आलेल्या रॉबर्ट म्त्शालीचं नाव दिलेलं आहे. भाच्याच्या पायांत दहा तास नाहीत, हे त्याला कळतं. तरी यंदा त्यानं आहाराचा तक्ता बदलला, वजन चार किलोनं उतरवलं आणि रविवारी तो त्या अनवाणी पोराला म्हणाला, "तू पुढं पळ, मी तुझ्या मागं येतो."